दोष छपराचा की माळ्याचा?

न्यू इंग्लंड, मिनेसोटा किंवा ओंटॅरियोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना फेब्रुवारीत कधी ना कधी एक कोडं पडतं. बाहेर उणे दहा अंश, छपरावर दीड-दोन फूट बर्फ, पावसाचा थेंब नाही, आणि तरीही खिडकीच्या वर भिंतीवरून पाणी ओघळू लागतं. छप्पर दुरुस्त करावं की सगळंच बदलावं? छपराचं वय वीसच्या आसपास असेल तर बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो आणि तो पटतोही, कारण गळलं ते छप्पर, मग दोष त्याचाच असणार. मला हा तर्क घाईचा वाटतो. बर्फाच्या प्रदेशात छप्पर गळण्याचं कारण पुष्कळदा छपरात नसतंच. ते त्याच्या खालच्या माळ्यात असतं. ते शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती फुकट जाते, आणि नवं छप्पर घातलं तर तेवढाच जास्त पैसा फुकट जातो.

याचा पुरावा बहुतेक घरांच्या अंगणातच उभा असतो. घराशेजारी गॅरेज असतं, त्यावर त्याच कंपनीचे, त्याच वर्षी बसवलेले डांबरी शिंगल्स असतात. बर्फ तोच, ऊनही तेच. तरी घराच्या वळचणीला बर्फाचा जाड बांध आणि हातभर लांबीचे सुळके, तर गॅरेजची वळचण जवळपास कोरडी. फरक एवढाच की गॅरेजमध्ये कुणी हीटर लावत नाही. घरातली ऊब छतातल्या फटींतून माळ्यावर चढते, छपराच्या फळ्या तापवते आणि वर पसरलेला बर्फ खालच्या बाजूने वितळू लागतो. हे पाणी बर्फाच्या थराखालून उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते, म्हणून पाणी तिथे पुन्हा गोठतं. रोज थोडं थोडं गोठून बांध तयार होतो आणि त्याच्यामागे पाणी साचतं. शिंगल्सची रचना कोकणातल्या कौलांसारखीच, एकावर एक चढवलेली असते. उतारावरून वाहतं पाणी खाली सारणं हे त्यांचं काम. पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली तर नवीकोरी कौलंसुद्धा खालून पाणी आत घेतील. तसंच शिंगल्सचं होतं. त्या अर्थाने ते नादुरुस्त नसतातच.

इतकं पाणी येतं कुठून, हे समजायला जोझेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाकडे जावं लागतं. याचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं त्याहून फार कमी वेळा येतं. बर्फ शून्य अंशाला पोचला की जराशा उष्णतेने वितळून जातो, असं त्या काळी मानलं जाई. ब्लॅकचा सवाल साधा होता: तसं असतं तर वसंतात डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून महापूर आले नसते का? 1760च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत त्याने काचेचे दोन सारखे गोल एका मोठ्या दालनात टांगले, एकात बर्फ आणि दुसऱ्यात जवळजवळ तेवढंच थंड पाणी. पाणी सात फॅरनहाइट अंश तापायला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून त्याच तापमानापर्यंत यायला साडेदहा तास लागले. तापमान न वाढवता नुसत्या वितळण्यात खर्ची पडणारी ही उष्णता म्हणजेच अप्रकट उष्णता. आणि हे काम ब्लॅकने कधी छापलंच नाही! त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, 1803 मध्ये, पुस्तकरूपाने आली. ब्लॅकच्या शोधाचा आधुनिक आकडा किलोला 334 किलोज्यूल असा आहे, आणि तो छपराला लावून पाहण्यासारखा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरातून चौरस मीटरमागे फक्त दहा वॅट उष्णता निसटते असं धरू, म्हणजे एका साध्या रूम हीटरइतकी. ती सगळी बर्फ वितळवण्यातच खर्ची पडली तर चोवीस तासांत साधारण 260 लिटर पाणी होतं. वळचणीवर रोज इतकं पाणी येऊन गोठत असेल, तर वरचा शिंगल कालचा की वीस वर्षांपूर्वीचा याने फारसं बिघडत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतले वेन टोबियासन आणि त्यांचे सहकारी यांनी 1990च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या फोर्ट ड्रम तळावरच्या इमारतींचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा: बाहेर 22 फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेपाच सेल्सिअस असताना माळा 30 फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे एकच्या वर गेला नाही, तर त्रास देण्याइतका बर्फ वळचणीला साचत नाही. या निकषात शिंगल्सचं वय कुठेच येत नाही, हे मला सर्वांत बोलकं वाटतं. माळा थंड ठेवायला बाहेरची हवा खेळवणं उपयोगी पडतं, हे टोबियासन यांनीच दाखवलं. पण म्हणून आणखी झरोके पाडा, हा सरसकट सल्ला मला मान्य नाही. झरोक्यांचं क्षेत्रफळ माळ्याच्या तीनशेव्या भागाइतकं असावं हा नियम आजही डोळे मिटून सांगितला जातो. इलिनॉय विद्यापीठातले विल्यम रोझ यांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो 1942 च्या सरकारी गृहबांधणी नियमांपर्यंत गेला. तिथे आकडा होता, आधार नव्हता. शिवाय त्या नियमाचा रोख दमटपणावर होता, बर्फाच्या बांधावर नव्हता. छतातल्या दिव्यांभोवती, माळ्याच्या झाकणाभोवती, पाइपांभोवती फटी तशाच ठेवून वर पंखा लावला, तर तो घरातलीच गरम हवा माळ्यावर ओढतो.

यावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की नव्या छपराखाली वळचणीपाशी चिकट, जलरोधक पडदा घालतात. बर्फाळ भागांतल्या बांधकाम नियमांनुसार तो बाहेरच्या भिंतीच्या आत किमान 24 इंच जावा लागतो. मग नवं छप्पर गळणार नाही, हे खरंच. पण बांध तरीही होतो, पन्हळी उपटतो, आणि फार मोठा झाला तर मागचं पाणी पडद्याची हद्द ओलांडतं. पडदा चांगला आहे, तो घालावाच. पण त्याने इजा टळते, आजार तसाच राहतो. दुसरा आक्षेप 2015 चा हिवाळा दाखवतो. त्या हंगामात बोस्टनच्या लोगन विमानतळावर 110.6 इंच बर्फ पडला, तो तिथला विक्रम, आणि बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घरांवरही बांध झाले. कारण साचलेला बर्फ स्वतःच गोधडीचं काम करतो: थर जितका जाड, तितकी त्याखालची फळी उबदार. त्यामुळे अशा वर्षी छतातून निसटणारी उष्णता आणखी कमी असावी लागते आणि लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवरूनच छपराच्या खालच्या भागातला बर्फ ओढून काढावा लागतो. म्हणजे हा आक्षेपही शेवटी शिंगल्सकडे बोट दाखवत नाही.

पाणी कधी येतं ते टिपून ठेवलं तर निदान पुष्कळ सोपं होतं. छपरावर बर्फ असताना आणि बाहेर कडाका असताना बाहेरच्या भिंतीजवळ आलं, तर बांध. कडाक्यानंतर अचानक ऊब आल्यावर, छपरावर बर्फ नसतानाही छताच्या मधोमध ठिबकलं, तर घरातली वाफच माळ्यावर खिळ्यांच्या टोकांवर गोठून आता वितळते आहे. तिथे छपराचा काही संबंध नाही. उन्हाळ्याच्या पावसातही गळत असेल, तर भोक खरोखर छपरात आहे. आणि शिंगल्सच्या कडा वळल्या असतील, डांबराला उन्हापासून वाचवणारे दगडी कण पन्हळीत भरून येत असतील, फळ्या पायाखाली दबत असतील, तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण तेही फेब्रुवारीत नको. शिंगल्सवरची डिंकाची पट्टी उन्हाच्या उबेने चिकटते. थंडीत ती चिकटत नाही आणि शिंगल्सही ठिसूळ होतात. हिवाळ्यात वाफेने बांध सोडवून घ्यावा, कुऱ्हाडीने फोडायला जाऊ नये, आणि मोठं काम वसंतावर ढकलावं.

एका प्रकारच्या घरांत मात्र कौल बदलण्याच्या बाजूने जातो. ज्या घरांना माळाच नाही, आतलं तिरकं छत थेट छपराला टेकलेलं आहे, तिथे खालून फटी बुजवायला हात पोचत नाही. अशा वेळी शिंगल्स काढून फळ्यांवर हवाबंद थर, त्यावर कडक फोम, त्यावर हवेसाठी पोकळी आणि मग नवं छप्पर, हाच उपचार उरतो. एरवी जो खर्च माळ्यावर चढून चार-दोन दिवसांत आटोपला असता, तो इथे संपूर्ण छपराचा होतो. आणि तो देताना फोम वगळून पैसे वाचवले, तर बांध पुढच्या जानेवारीत पुन्हा त्याच जागी येतो.