सातबारावर नाव कुणाचं?

परवा सासूबाई आणि मी धाटावच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. समोर एमआयडीसीतल्या कारखान्यांची चिमणी. सासूबाई बोट दाखवून सहज म्हणाल्या, "त्या टाकीच्या मागं आपली खाचरं व्हती. भात निघाला की वाल पेरायचो. पोपटीला वाल कधी इकत आनला नाय."

"नोटीस आली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मला कोन इचारतो? बाप्यांनी कागद वाचला, पैसं आनलं. मला कळलं तवा खुंट ठोकून झालं व्हतं."

मैत्रिणींनो, आमची चूल आज त्याच वसाहतीतल्या पगारावर पेटते. त्यामुळे कारखाने नकोत असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईने त्या खाचरात लावणी केली तिला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे मनातून जाईना.

एमआयडीसीसाठी जमीन घेतात ती १९६१ च्या कायद्याने. त्यातल्या ३२(२) च्या नोटिशीवर हरकत घेता येते. पण नोटीस येते ती मुख्यतः दप्तरात ज्याचं नाव असेल त्याला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला. तरी कलम ३०० अ आहेच. कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला कुणाची जमीन घेता येत नाही. हिमाचलमधल्या विद्यादेवी या निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, मोबदला दिलाच नाही. वर सरकार कोर्टात म्हणालं, इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणजे जमीन आमचीच! सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये ते फेटाळलं आणि मोबदला द्यायला लावला. तोवर बाईंनी ऐंशी गाठली होती.

माझं माहेर पेण तालुक्यातलं, हेटवण्याच्या पाण्यावरचं. तिथे महामुंबई सेझ येणार होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली केवढं आंदोलन झालं! शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला पेणच्या २२ गावांत सरकारने चक्क मतदान घेतलं, जमीन द्यायची की नाही यावर. पुढे भूसंपादन बारगळलं, जमिनी राहिल्या. पण मत होतं जमीनमालकाला. आई वडिलांबरोबर केंद्रापर्यंत गेली आणि बाहेर झाडाखाली बसून राहिली. आमदारकीला मत देणारी बाई, स्वतःच्या शेताबद्दल मात्र तिला मत नाही!

वडील गेले त्यानंतर काही वर्षांनी. दिवस-कार्य झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, एक सही लागेल." हक्कसोड पत्र होतं. भाऊ वाईट नाही हो, सगळ्या घरांत असंच चालतं. मीही कदाचित डोळे मिटून सही केली असती. पण सासूबाईंचा तो खुंट आठवला. म्हटलं, आधी वारस नोंद होऊ दे, त्यात आईचं नाव येऊ दे, मग बघू.

नवऱ्यामागे बायको पहिल्या वर्गाची वारस असते, १९५६ च्या कायद्यापासूनच. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क २००५ पासून आहे आणि त्यासाठी तेव्हा वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. पण फेरफार झाल्यावर सातबारा नीट वाचा. कित्येकदा मुलांची नावं भोगवटादार म्हणून लागतात आणि आई, बहिणी 'इतर हक्कांत' ढकलल्या जातात. उद्या रस्ता आला, कारखाना आला, की चेक आधी भोगवटादारांच्या नावाने निघतो. मग मारा कोर्टाच्या खेपा.

आमच्याकडे दोन खेपा झाल्या. पहिल्या उताऱ्यात आई इतर हक्कांतच होती! अर्ज केला, दुरुस्ती झाली. त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ जेवला, पण फारसा बोलला नाही.

नवा उतारा घेऊन आईकडे गेले. तिला वाचता येत नाही. तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं.

"आन् यांचं?" तिने विचारलं.

"ते आता कंसात गेलं."

तिने कागदाची घडी घातली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली.