थांबलेल्या मोटारीचे निदान

हिंदी मोटारीचा कारखाना बंगळूरला उभा राहावा, असा विचार एके काळी गंभीरपणे झाला होता. पुण्यात स्थापत्यशास्त्र शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1930 नंतरच्या दशकात तशी योजना आखली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. तत्कालीन सरकारचे साहाय्य न मिळाल्याने ती योजना बारगळली. 1940 मध्ये वालचंदांच्या पुढाकाराने व म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने बंगळूरला कारखाना निघाला तो विमानांचा. मोटारींसाठी त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. पुढे 1951 मध्ये बंगळूरला ‘मायको’ ही कंपनी निघाली आणि देशभरच्या इंजिनांना स्पार्क प्लग पुरवू लागली. कुर्ल्याच्या गाडीत बंगळूरचा प्लग, अशी ही गाठ जुनी आहे.

कुर्ल्याच्या फियाट आणि पद्मिनी, उत्तरपाड्याच्या अँबॅसडर, मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्ड या गाड्या आता तयार होत नाहीत. अँबॅसडरचे उत्पादनही 2014 मध्ये थांबले. तरीही बंगळूरच्या रस्त्यांवर या मोटारी आजही अधूनमधून दिसतात. त्यांची हवापाण्याने फारशी झीज होत नाही, कारण मुंबईसारखी खारी हवा तेथे नाही. झीज होते ती निराळ्या कारणाने. गाडी बिघडली, की काय बिघडले हे न शोधताच भाग बदलण्याची रीत पडली आहे. नव्या मोटारीतील संगणक आपल्या दोषाचा क्रमांक सांगतो. त्या क्रमांकाची सवय झालेल्या कारागिरापुढे जुनी मोटार मुकी ठरते. वस्तुतः ती मुकी नाही. तिचा दोष डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो आणि नाकाला कळतो. फक्त तिला प्रश्न क्रमाने विचारावे लागतात.

हा क्रम समजण्यास इंजिनाच्या गरजा ध्यानात घ्याव्या लागतात. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते दाबणारा दट्ट्या, ते पेटविणारी ठिणगी आणि ती पडण्याची अचूक वेळ, या चार गोष्टी जुळल्या की इंजिन चालते. यांपैकी दाब एकाएकी सहसा जात नाही. वेळही एकदा बसविली की बरेच दिवस टिकते. म्हणून चालती गाडी अकस्मात थांबली, तर पहिला प्रश्न असा, की ठिणगी गेली की पेट्रोल गेले? त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाना हाती घेऊ नये, हा निदानाचा पहिला नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा दुसरा. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी चालू झाली, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि धडधाकट भाग भंगारात जातो.

या नियमांची खरी कसोटी लागते ती एका जुन्या व्याधीत. सकाळी गाडी उत्तम चालते. दुपारी वाहनांच्या गर्दीत तासभर सापडली की आचके देऊन थांबते. अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी, पुन्हा सुरू होते. लक्षण एकच, पण कारणे निदान चार.

पहिले कारण कंडेन्सर. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह तुटतो, आणि तो जितका झटक्याने तुटेल तितकी ठिणगी जोरदार पडते. नळाची तोटी एकदम बंद केली तर नळ हादरतो. हळूहळू बंद केली तर काहीच होत नाही. येथेही तसेच आहे. प्रवाह झटक्याने तुटावा म्हणून कंडेन्सर असतो. तो तापून निकामी झाला, की ठिणगी पॉइंटांमध्येच उडू लागते, प्लगकडे जाणारी ठिणगी मंदावते आणि पॉइंट काळवंडतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत उभ्या जागी चालत असले, तरी पॉइंट मिनिटाला सोळाशे वेळा उघडतात, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्याशा डबीवर केवढा भार असतो हे समजते.

दुसरे कारण कॉइल. तिच्या आतील तारेचे वेष्टण जीर्ण झालेले असले, तर थंडपणी ती काम करते आणि तापल्यावर आतल्या आत वीज गळते. तिसरे कारण पेट्रोलची वाफ. पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असतो. गाडी धावत असते तेव्हा वारा आणि वाहते पेट्रोल त्याला थंड ठेवतात. गर्दीत दोन्ही मंदावतात, नळीत वाफेचे बुडबुडे धरतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो. चौथे कारण सर्वांत क्षुल्लक. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात हवेसाठी छिद्र ठेवलेले असते. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल नीट ओतले जात नाही, दुसरे पाडावे लागते. तसेच हे छिद्र धुळीने बुजले की टाकीतून पेट्रोल निघेनासे होते.

या चौघांतून अपराधी निवडण्याची संधी गाडी थांबल्यानंतरची काही मिनिटेच असते, कारण ती थंड झाली की पुरावाच नाहीसा होतो. म्हणून गाडी थांबताच, आसपास पेट्रोल सांडलेले नाही हे पाहून, एक प्लग काढावा, त्याची तार जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि मदतनिसाला सेल्फ मारावयास सांगावे. तार धरण्यास चांगला विजरोधक चिमटा असावा. निळसर, चटचट वाजणारी ठिणगी पडली तर वीज निर्दोष. मग टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा फुस्सकन आवाज आला तर दोष तेथेच सापडला. न आला तर पंपावर ओले फडके ठेवावे. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर वाफेचाच दाट संशय घ्यावा. उलट, ठिणगी पिवळट, मलूल किंवा मुळीच नसेल, तर पॉइंट पाहून आधी कंडेन्सर बदलावा, कारण तो स्वस्त आहे. आणि त्यानेही भागले नाही तरच कॉइल. या क्रमाला बाजूला सारून आधी कार्ब्युरेटर उघडणारा मिस्त्री बहुधा दुसरा एक दोष निर्माण करूनच तो बंद करतो.

बंगळूरच्या उंचीचाही या निदानाशी संबंध आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या मानाने आठ-नऊ टक्के विरळ असते. त्यामुळे मुंबईत बसविलेला कार्ब्युरेटर तेथे प्रमाणाहून अधिक पेट्रोल देतो, प्लगवर काजळी धरते आणि निर्दोष प्लगवर विनाकारण ठपका येतो. पाणीही तेथे सुमारे 97 अंशांनाच उकळते. म्हणून रेडिएटरचा दाब टिकवून धरणाऱ्या झाकणाचे रबर कडक झाले, की ते झाकण बदलणे अगत्याचे ठरते.

विजेच्या बाबतीत मात्र दोष पुष्कळदा बॅटरीत नसून तिच्या जोडणीत असतो. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखविते. तेवढे दाखवूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर इंजिनापासून सांगाड्यापर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी पाहावी; तिच्या टोकाखालचा गंज खरवडला की मेलेला सेल्फ जिवंत होतो. जुन्या डायनॅमोचा स्वभावही ओळखून असावे. इंजिन मंद चालत असता तो जवळजवळ काहीच वीज देत नाही; तेव्हा गर्दीत दिवे लावून उभी राहिलेली गाडी आपली बॅटरीच खात असते. शिवाय ब्रिटिश धाटणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ते न पाहता नवा रेडिओ जोडणाऱ्याला रेडिओ गमवावा लागतो.

काळाबरोबर पेट्रोलही बदलले आहे. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या लोखंडी हेडच्या इंजिनांत शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण मिळत असे. ते गेल्यावर बैठक हळूहळू खचते आणि टॅपेटमधली फट बुजत जाते. वाजणारा टॅपेट सर्वांना ऐकू येतो, पण गप्प झालेला टॅपेट अधिक घातक असतो, कारण त्याचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते आणि टाकीतला वर्षांचा गाळ सुटा करून पुढे ढकलते. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालणे ही आता हौस नसून आगीपासूनचे संरक्षण आहे.

2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ रूपात राखलेली असावी, अशी अट आहे. या अटीचा अर्थ कारागिराच्या दृष्टीने फार मोठा आहे. बंगळूरच्या जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. पण ज्या गाडीचा कारखानाच बंद झाला, तिचा प्रत्येक अस्सल भाग मोजकाच उरलेला असतो. चुकीच्या निदानापायी फेकलेला भाग पुन्हा मिळेलच असे नाही. पैशाने भाग एखादे वेळी मिळतो. ठिणगीचा रंग पाहून दोष ओळखणारी नजर मात्र उमेदवारी करूनच मिळवावी लागते. ज्यांच्यापाशी ती आहे असे मिस्त्री आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या शेजारी एखादा तरुण वही घेऊन बसला, तर या मोटारी चालत राहतील. एरवी त्या केवळ पुसून ठेवल्या जातील.