गाय व्याल्यानंतरचे तीन दिवस

नामपल्लीच्या आपल्या वर्गांत बीदर, भालकी, उदगीर, देवणी या भागांतून आलेली बरीच मुले भेटतात. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बीदर-भालकी म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर-देवणी मुंबई राज्यात. गोठ्यांना मात्र ही सीमा ठाऊक नाही. देवणी गाय दोन्हीकडे सारखीच बांधली जाते. तिच्या पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो, कानडी शेजारी गिण्णु म्हणतात आणि इथली तेलुगु माणसे जुन्नु म्हणतात. चिकाचा खरवस सर्वांनी खाल्लेला असतो. पण तो चीक देताना गाईच्या शरीरावर काय बेतते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रस्तुत लेखात तेच सांगावयाचे आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गुरांच्या दुखण्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हे दुखणे मुळात हिशेबाचे आहे. गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, सुमारे तीन ग्रॅम असतो. दहा लिटर चिकातून मात्र वीस ग्रॅमांहून अधिक चुना बाहेर जातो. म्हणजे गल्ल्यात तीन रुपये आणि देणे वीस रुपयांचे! वास्तविक गाय गरीब नसते. तिच्या शरीरातला बहुतेक सगळा चुना हाडांत ठेव म्हणून पडून असतो. पण भाकड काळात दुधाचा खर्च नसल्यामुळे ती ठेव मोडण्याची सवय शरीराला राहिलेली नसते, आणि ती यंत्रणा पुन्हा सुरू होण्यास दोन-तीन दिवस लागतात. मालमत्ता भरपूर, पण हातात रोकड नाही, अशा पेढीसारखी तिची अवस्था होते. चुन्याविना स्नायू चालत नाहीत. पाय, पोट आणि शेवटी हृदयही ढिले पडते. यालाच दुग्धज्वर म्हणतात. व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत तो बहुधा येतो. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईंना, विशेषतः जर्सी व तिच्या संकरित गाईंना, त्याचा धोका अधिक.

येथे नावाने फसू नये. दुग्धज्वर असे नाव असले तरी ज्वर नसतो. निरोगी गाईचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. या दुखण्यात ते बहुधा त्याखाली उतरते. प्रथम गाय अस्वस्थ होते, अंग थरथरते, मागचे पाय अडखळतात, ती चारा सोडते. पुढे ती बसते ती उठत नाही. मान वळवून कुशीवर टेकते. कान गार पडतात, नाकपुडी कोरडी होते, शेण व लघवी थांबते, रवंथ बंद होतो. शेवटी ती आडवी पडते व शुद्ध हरपते. उपचार न झाल्यास काही तासांत जीव जाऊ शकतो.

आमच्या घरी हे घडलेले मी पाहिले आहे. संकरित गाय, तिसरे वेत, व्याल्याची दुसरी रात्र. ती मान कुशीत घालून शांत बसली होती. वडील म्हणाले, "थकली असेल, सकाळी बघू." आजीने कानाला हात लावला आणि म्हणाली, "कान गार पडलेत रे. सकाळची वाट बघू नको, आत्ताच डॉक्टरला आण." त्या गाईच्या दुधावर घरखर्च आणि माझी फी दोन्ही चालत होती. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली अगदी हळूहळू दिली. थोड्या वेळाने गाईने ढेकर दिला, शेण टाकले आणि तासाभरात ती उभी राहिली. आजीला चुन्याचा हिशेब माहीत नव्हता. पण तिच्या बोटांना तो कळला होता.

शास्त्रज्ञांनाही हा हिशेब उशिरा कळला. डेन्मार्कमधील कोल्डिंग गावचे पशुवैद्य श्मिट यांची समजूत अशी होती, की कासेत विष तयार होते. म्हणून १८९७ साली त्यांनी कासेत औषधी द्रावण भरले, आणि मरणाऱ्या गाई वाचू लागल्या. नंतर नुसती हवा भरूनही गुण येतो असे दिसले. कारण विषाचे नव्हतेच. भरलेल्या कासेत नवे दूध उतरत नाही, म्हणून चुन्याचा खर्च थांबत होता. रक्तातील चुन्याची तूट हेच मूळ आहे, असे ड्रायर व ग्रेग यांनी १९२५ मध्ये मांडले. अशा रीतीने इलाज आधी सापडला व कारण मागाहून.

बसून राहिलेल्या प्रत्येक गाईला दुग्धज्वरच असतो असे मात्र नाही. कास गरम, टणक, दुखरी असेल आणि दुधात गाठी किंवा रक्त येत असेल, तर तो कासदाह होय. वार साधारणतः काही तासांत पडते. बारा तास उलटूनही न पडल्यास डॉक्टरांना कळवावे. ती ओढू नये, तिला वजन बांधू नये. व्याल्यानंतर काही दिवस तांबूस स्राव जातोच, पण त्याला घाण वास येऊन अंगात ताप असेल तर गर्भाशयाला सूज आहे असे समजावे. आणि दोन-चार आठवड्यांनी गाय पेंड सोडून नुसता कडबा खाऊ लागली, झपाट्याने वाळू लागली, श्वासाला गोडसर वास आला, तर ती कितनबाधा असू शकते.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे? गाईला आडवी पडू देऊ नये. दोन्ही बाजूंना भुश्श्याची पोती लावून छातीवर बसती ठेवावी, नाहीतर पोट फुगते. तोंडातून काढा, तेल, गूळपाणी काहीही ओतू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्याने ते फुप्फुसात उतरते. धार काढून कास रिकामी करू नये. कॅल्शियमचे इंजेक्शन स्वतः देऊ नये. घाईने शिरेत गेलेला चुना हृदय बंद पाडतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आज तेलंगण, महाराष्ट्र व कर्नाटकात १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक सूचना उलटी वाटेल, पण महत्त्वाची आहे. विण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत "पुढे उपयोगी पडेल" म्हणून गाईला चुन्याचे औषध भरपूर पाजू नये. आयता पुरवठा होत राहिला तर हाडांतली ठेव काढण्याची यंत्रणा झोपूनच राहते. या दिवसांतला चारा व क्षार डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

मित्रहो, सुट्टीत गावी गेलात आणि घरची गाय नुकतीच व्याली असेल, तर खरवस जरूर खा. मात्र पहिले तीन दिवस सकाळी, संध्याकाळी आणि निजण्यापूर्वी एकदा गोठ्यात जाऊन तिच्या कानाला हात लावून पाहा. त्याला ना पैसा लागतो, ना पदवी.