वणवा उपग्रहाला दिसतो, विझवायला मात्र गावच लागतं

मागच्या होळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत सकाळी अकराच्या सुमारास एकाने भाताच्या रोपासाठी राब भाजायला घेतला. बांधावरचं गवत कडकडीत वाळलेलं. वारा सुटला, ठिणगी बांध ओलांडून गेली आणि तासाभरात आग डोंगराला लागली. वाटेत शेजाऱ्याची काजूची साठ कलमं होती. पाच वर्षांची, नुकती धरायला लागलेली. वनरक्षकाच्या मोबाईलवर आगीचा संदेश आला तेव्हा तीन वाजून गेले होते. कलमांच्या काळ्या काड्या तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या.

मी गेलो तेव्हा शेतकरी बांधावर बसून होता. म्हणाला, "साहेब, पाच उन्हाळे बायकोनं डोक्यावरनं पाणी घातलं. उपग्रहाला आग दिसली म्हणता, मग ती विझली का नाही?"

शेतकरी बंधूंनो, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं पाहिजे.

देशाचा हिशोब डेहराडूनला

सगळ्या देशातल्या वणव्यांवर डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने नजर ठेवते. नोव्हेंबर ते जून हा तिचा वणव्यांचा हंगाम. उपग्रहावरचं यंत्र जमिनीवरची जादा उष्णता टिपतं. ते ठिकाण जंगलाच्या नकाशावर बसवून संदेश थेट त्या बीटच्या वनरक्षकापर्यंत जातो. आपल्यालाही संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून आपल्या भागाचे संदेश फुकट मिळवता येतात.

आकडे लहान नाहीत. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात देशभरात ३,४५,९८९ ठिकाणी आग टिपली गेली. २०२३-२४ च्या हंगामात हा आकडा २,०३,५४४ होता. देशातल्या ३६ टक्क्यांहून जास्त वनक्षेत्राला वारंवार वणव्याचा धोका आहे, असं याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. ज्या उपग्रहांवर आज मुख्य भिस्त आहे, ते आपल्या डोक्यावरून दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास जातात. अकराला लागलेली आग त्यांना दीडला दिसणार. त्यानंतर माहिती खाली यायची, तपासायची, पाठवायची. दुसरी अडचण जागेची. त्यांचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा, म्हणजे जवळजवळ ३५ एकर. त्यात आग नेमकी कोणाच्या बांधावर आहे हे संदेश सांगत नाही. ते जाऊनच बघावं लागतं.

तिसरी अडचण माणसांची. २०१६ साली उत्तराखंडात जंगलं पेटली तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालच्या तलावातून पाणी उचलून टाकलं. पण हा उपाय मोठ्या संकटाचा. आपल्या डोंगरावर वनरक्षक, चार-दोन हंगामी मजूर, पालापाचोळा उडवणारा ब्लोअर आणि हिरव्या फांद्या हीच फौज. तिला उभा डोंगर चढून जावं लागतं, आणि आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते.

म्हणजे पहिले दोन-तीन तास गावाच्या हातात असतात. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आपण काय करायचं?

पहिलं, जाळपट्टा. दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की बागेभोवती निदान दहा फूट पट्टा कुदळीने साफ करा. डोंगराच्या बाजूला जास्त ठेवा. कडब्याची गंज आणि पेंढ्याची उडवी डोंगराच्या कडेला रचू नका.

दुसरं, हवामान बघा. दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पाऊस बघायला आपण तो वाचतो, तसा वाऱ्यासाठी आणि आर्द्रतेसाठीही वाचा. हवा कोरडी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी काडी लावायची नाही.

तिसरं, राब भाजणं सोडता आलं तर उत्तमच. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची काळी राख मिसळून रोप चांगलं येतं. चारसूत्री पद्धतीत हेच सांगितलं आहे. भाजायचंच असेल तर वारा नसताना, चारही बाजू साफ करून, पाण्याची पिंपं भरून आणि शेजाऱ्याला सांगून भाजा. शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडू नका.

चौथं, डोंगर पेटवला की गवत जोमाने येतं हा समज सोडा. राखेने चार दिवस हिरवं दिसतं, पण उघडी माती पहिल्याच पावसात ओढ्याला जाते.

पाचवं, धूर दिसताच संदेशाची वाट बघू नका. वन विभागाचा १९२६ हा फुकट क्रमांक गावाच्या फळ्यावर लिहून ठेवा. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. त्या जंगलातून लाकूडफाटा, चराईचा हक्क घेणाऱ्यावर आग विझवायला मदत करायची जबाबदारीही त्याच कायद्याने टाकली आहे.

माझीही चूक सांगतो. त्या शेतकऱ्याला खड्डे किती घ्यायचे, खत किती घालायचं, कलमं कुठली आणायची, सगळं मी सांगितलं होतं. जाळपट्टा सांगायचा राहिला. आता लागवडीच्या कागदाबरोबरच तो सांगतो.

दिवाळीनंतर पुन्हा त्या वाडीत गेलो. नवीन कलमं लागली होती. राब भाजणारा शेजारी आणि तो शेतकरी दोघं मिळून बागेभोवतीचं गवत काढत होते. मला बघून शेतकरी म्हणाला, "साहेब, दहा फूट म्हणालात, आम्ही पंधरा धरलंय."