रक्त काढतानाची भीती आणि भोवळ : एक शरीर-मानसशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :

रोगनिदानासाठी शिरेतून रक्त काढणे ही आजच्या वैद्यकातील अत्यंत नित्याची क्रिया होय. तपासणीच्या एका नळीत साधारणतः २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा भरेल इतकेच रक्त घेतले जाते. असे असूनही सुईच्या धास्तीने साखरेची वा हिमोग्लोबिनची तपासणी वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्या व्यक्ती सुशिक्षित समाजातही आढळतात. महाविद्यालयांचा या प्रश्नाशी आणखी एका बाजूने संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरांत प्रथमच रक्त देणारे, अल्पवयीन नसले तरी कोवळ्या वयाचे आणि बेताच्या वजनाचे विद्यार्थी बहुसंख्येने असतात आणि भोवळ येण्याचे प्रमाण नेमके याच गटात अधिक असते. अशा वेळी ‘घाबरू नकोस, अंग सैल सोड’ हा सल्ला प्राध्यापकांपासून परिचारिकांपर्यंत सर्वजण सद्‌भावनेने देतात. तथापि, तो सर्वांना सारखाच लागू पडत नाही. काहींच्या बाबतीत तर तो भोवळीलाच वाट करून देतो. त्याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या भीतीचे वेगळेपण :

साप, उंची किंवा बंदिस्त जागा यांच्या भीतीत हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि शरीर पळण्यास सिद्ध होते. दाब चढलेला असल्याने अशी व्यक्ती थरथर कापेल, घामाघूम होईल; परंतु सहसा मूर्च्छित होत नाही. रक्त, सुई व जखम यांच्या भीतीत मात्र पुष्कळांना दोन टप्प्यांची प्रतिक्रिया अनुभवास येते. प्रथम नाडी व रक्तदाब किंचित वाढतात. त्यानंतर व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती एकाएकी मंदावते, रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो. डोळ्यांपुढे अंधारी, कानांत गुणगुण, थंड घाम, मळमळ, जांभया ही त्याची पूर्वसूचना असते. वैद्यकशास्त्र यास ‘वासोव्हेगल मूर्च्छा’ म्हणते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९९४ च्या ‘डीएसएम-४’ या वर्गीकरणात रक्त-सुई-जखम भयगंडाला स्वतंत्र उपप्रकाराचे स्थान दिले. हा कल अनेकदा एकाच कुटुंबातील अनेकांत दिसतो. त्यामुळे भोवळ येणाऱ्या विद्यार्थ्याला भित्रा ठरवून त्याची थट्टा करणे अशास्त्रीय आहे आणि अन्यायाचेही आहे.

शिथिलीकरण की ताण? :

एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायूंच्या क्रमिक शिथिलीकरणाची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात भयगंडाच्या उपचारात शिथिलीकरणाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘अंग सैल सोडा’ या सल्ल्यामागे ही परंपरा आहे आणि इतर भयांसाठी ती उपयुक्तही ठरली. परंतु जेथे मूळ अडचण रक्तदाब घसरण्याची आहे, तेथे सर्वांग सैल सोडल्याने काय साधणार? स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट व त्यांचे सहकारी स्टर्नर यांनी १९८७ मध्ये याच्या नेमकी उलट पद्धती मांडली. तिला ‘उपयोजित ताण’ असे म्हणता येईल.

या पद्धतीत दंड, छाती, पोट व पाय यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर किंचित ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळावयाचे असतात. नंतर २० ते ३० सेकंद ते मूळ स्थितीत आणावयाचे. येथे ‘मूळ स्थिती’ या शब्दांना महत्त्व आहे, कारण अंग पूर्ण ढिले सोडणे अपेक्षित नाही. अशी पाच आवर्तने होतात. आवळलेले स्नायू रक्त हृदयाकडे परत ढकलतात व रक्तदाब टिकून राहतो. काही दिवस घरी सराव केल्यास पूर्वसूचना ओळखून ही क्रिया वेळीच करता येते. प्रत्यक्ष रक्त काढताना सुईचा हात मात्र स्थिर व सैलच ठेवावा. ताण पाय, पोट आणि दुसऱ्या हाताला द्यावा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भावस्था असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

ज्यांना भीती वाटते पण भोवळ कधीच आलेली नाही, त्यांनी सावकाश श्वसन करावे, सुईकडे न पाहता कोणाशी बोलत राहावे. एवढे बहुधा पुरते. धापा टाकल्यासारखा जलद श्वास मात्र चक्कर वाढवतो.

काही व्यावहारिक बाबी :

‘उपाशीपोटी’ या सूचनेचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा निर्जळी उपवासासारखा घेतला जातो. उपाशीपोटीच्या साखर तपासणीपूर्वी साधे पाणी चालते, किंबहुना ते प्यावेच. शरीरात पाणी कमी असल्यास शीर सापडणे कठीण होते आणि भोवळीचा धोकाही वाढतो. शीर फुगावी म्हणून मूठ वारंवार उघडझाप करण्याची सवय टाळावी, कारण त्यामुळे नमुन्यातील पोटॅशियम वाढलेले दिसू शकते. मूठ एकदा हलकेच मिटणे पुरे. पूर्वी भोवळ आली असल्यास ती गोष्ट तंत्रज्ञास आधीच सांगावी व आडवे पडून रक्त द्यावे. यात संकोचाचे काही कारण नाही.

रक्तदानात प्रश्न थोडा वेगळा असतो. ४५ किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात ढोबळमानाने ३ लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर गेले म्हणजे सुमारे नववा हिस्सा गेला. म्हणून शिबिरापूर्वी न्याहारी आवश्यक आहे, तसेच रक्त देण्याच्या थोडे आधी सुमारे अर्धा लिटर पाणी पिण्यानेही भोवळीचे प्रमाण घटते.

भोवळ आलीच तर रुग्णास सपाट झोपवून पाय उंच करावेत, भोवतालची गर्दी हटवावी. त्यास उठवून बसवणे, शुद्ध नसताना तोंडात पाणी घालणे किंवा कांदा हुंगवणे या रूढ उपायांपैकी शेवटचा निरुपयोगी, तर पहिले दोन घातक आहेत. सामान्यतः मिनिटभरात शुद्ध येते. न आल्यास डॉक्टरांना त्वरित पाचारण करावे. शिबिराच्या आयोजकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. भोवळ खाटेवरच येते असे नाही. रक्त देऊन उठल्यानंतर, अल्पोपाहाराच्या रांगेत किंवा जिन्याच्या पायऱ्या उतरतानाही ती येते आणि तेथे डोक्याला मार बसण्याचे भय असते. म्हणून अल्पोपाहार रांगेत न देता विद्यार्थ्यास बसवून द्यावा, पंधरा मिनिटे तरी त्यास एकटे सोडू नये आणि शिबिर शक्यतो तळमजल्यावर भरवावे.