गोंडवानाचे लॉगिन

सिरोंचा ते नागपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढचे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, तोवर गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या प्रत्येक बाबूला हे अंतर पाठ होते. गुणपत्रिकेत नाव चुकले, परीक्षा अर्जांचा गठ्ठा पोचवायचा आहे, एखाद्या प्राध्यापकाच्या मान्यतेची फाइल अडली आहे, काहीही असो, आदल्या रात्रीची एसटी धरायची आणि काम झाले नाही तर मुक्काम करायचा. २७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. १९२३ पासून चालत आलेल्या नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे वेगळे निघाले आणि विद्यापीठ गडचिरोलीत एमआयडीसी मार्गावर आले. दक्षिणेकडच्यांची वाट जवळजवळ अर्ध्यावर आली, तरी सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वरच राहिले. उरलेले अंतर संगणकाने कापायचे, अशी सगळ्यांची समजूत होती.

तशी ती वेळही होती. राष्ट्रीय माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान शिक्षण अभियान फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाले होते. विद्यापीठांना एक जीबीपीएसची जोडणी आणि महाविद्यालयांना बीएसएनएलची ५१२ केबीपीएसची ब्रॉडबँड जोडणी, असा त्याचा आराखडा होता. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना, म्हणजे पुढचे भारतनेट, केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर केली, गोंडवाना विद्यापीठ महिन्याचेही झाले नव्हते तेव्हा. जुन्या विद्यापीठांना आधीचे कागद संगणकात चढवावे लागले. गोंडवानाचे रजिस्टर आणि संगणक एकाच वेळी उघडले. त्याआधी पदवी घेतलेल्यांच्या नोंदी मात्र नागपुरातच राहिल्या, त्यामुळे जुन्या पदवीच्या पडताळणीसाठी आजही तिकडेच पाहावे लागते.

अडचण जमिनीवर होती. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला बहुतांश भाग जंगलाचा, आणि इतक्या मोठ्या जिल्ह्याला रेल्वे स्थानक एकच, वडसा. फायबरची केबल रस्त्याच्या कडेने जाते. शहरात ती वर्तुळात टाकलेली असते, एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने माहिती वाहते. आलापल्लीच्या पुढे जंगलात शिरणाऱ्या एकाच रस्त्यावर दुसरी बाजूच नसते. रुंदीकरणासाठी जेसीबी लागला आणि केबल तुटली, की पुढचे सगळे गप्प. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि केबल जोडणारा माणूसही अलीकडेच अडकतो.

मोबाइलची कथा याच्याच जोडीची. नक्षलप्रभावित भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मनोरे मंजूर केले ते टू-जीचे. त्या योजनेतल्या देशभरच्या २,३४३ मनोऱ्यांना फोर-जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. मधली आठ वर्षे हीच विद्यापीठांच्या आणि सरकारी पोर्टलांच्या वाढीची वर्षे होती. टू-जीवर एसएमएस पोचतो, पण पान उघडत नाही. म्हणून असे व्हायचे की बाबूच्या मोबाइलवर ओटीपी येऊन पडे, संगणकावर चकती फिरत राही, आणि पान उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असे. पुन्हा पाठवा, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला खाते काही काळासाठी बंद. गडचिरोलीहून फोन आला की इकडून उत्तर जाई, ‘रेंजच नाही जी सर.’ ते बहाण्यासारखे ऐकू येई, आणि ते शंभर टक्के खरे असे.

या अशा जोडणीवर एकामागून एक कामे येऊन बसली. उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण २०१०-११ पासून सुरू झाले. अनुदानित महाविद्यालयांचे पगार सेवार्थ प्रणालीवर गेले. शिष्यवृत्ती २०१७-१८ मध्ये महाडीबीटीवर आली आणि पहिल्याच वर्षी राज्यभर गोंधळ उडाला. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर चढवायचे, ग्रंथालयासाठी एन-लिस्टची खाती काढायची. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, पासवर्ड वेगळा, शेवटची तारीख वेगळी आणि भरणारा हात एकच. शिक्षकेतर भरती राज्यभर वर्षानुवर्षे रखडलेली, त्यामुळे निवृत्त झालेल्या बाबूची खुर्ची रिकामी आणि त्याचे लॉगिन शेजारच्या टेबलावर.

सेवार्थचे काम जवळून पाहिले तर या नोकरीचा ताण कळतो. महिना सरत आला की आधी बदल भरायचे: कुणाची वार्षिक वेतनवाढ, कुणाची बिनपगारी रजा, महागाई भत्त्याचा नवा दर, भविष्य निर्वाह निधीची बदललेली कपात. मग चेंज स्टेटमेंट काढून मागच्या महिन्याशी एकेक ओळ ताडायची. मग बिल तयार करायचे, प्राचार्यांच्या लॉगिनमधून मंजूर करायचे, छापायचे, सह्या घ्यायच्या आणि नागपूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे पाठवायचे. या साखळीत एक दिवस नेट गेले तर सगळ्या महाविद्यालयाचा पगार पुढे ढकलला जातो. त्या दिवशी बाबू प्रिंटआउटची फाइल आणि पेन ड्राइव्ह पिशवीत घालून तालुक्याच्या गावी सायबर कॅफे गाठतो. म्हणजे पन्नास माणसांच्या बँक खात्यांची माहिती भाड्याच्या संगणकावर उघडली जाते. यात त्याची चूक काढणे अन्यायाचे आहे, त्याला दुसरी वाटच दिलेली नाही.

धोरण मात्र कागदावर याच काळात आले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात माहिती तंत्रज्ञानासाठी वेगळे मंडळ नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ घातले. परीक्षा मंडळ किंवा अभ्यासमंडळासारखेच तेही विद्यापीठाचे प्राधिकरण झाले. तंत्रज्ञान ही संगणक विभागाची घरगुती बाब नाही, ते विद्यापीठाच्या कारभाराचे अंग आहे, हे कायद्याने मान्य केले. हा बदल मोठा होता आणि त्याची हवी तेवढी चर्चा झाली नाही.

त्याच वर्षी जुलैत नॅकची नवी, आकड्यांवर चालणारी मूल्यांकन पद्धत आली. चौथ्या निकषात माहिती तंत्रज्ञानाच्या सुविधांना स्वतंत्र जागा मिळाली: विद्यार्थ्यांमागे संगणक किती, इंटरनेटचा वेग किती. आयटी धोरणाचा कागदही फाइलला हवा झाला. दोन्ही जिल्ह्यांत, तसेच राज्यात इतरत्रही, बऱ्याच महाविद्यालयांनी धोरण पहिल्यांदा लिहिले ते या फाइलसाठी. दुसऱ्या कुठल्या मोठ्या संस्थेचा मसुदा समोर ठेवून ते लिहिले गेले, म्हणून त्यात फायरवॉल आहे, लायसन्सचे सॉफ्टवेअर आहे, पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा हे आहे. आठ तास वीज गेली तर काय, पूर आला तर तारीख कोण वाढवणार, लॉगिनधारक बाळंतपणाच्या रजेवर गेली तर अधिकार कुणाकडे, हे नाही. इथल्या कर्मचाऱ्याला लागते ते नेमके हेच.

घाईत लादलेली प्रणाली काय करते हे राज्याने त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पाहिले. संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय परीक्षेच्या तोंडावर झाला, प्रशिक्षण अपुरे पडले, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. मुंबईत नेट होते, वीज होती, माणसे होती. कमी पडली ती तपासणाऱ्या शिक्षकांना विचारात घेण्याची तयारी.

करोनाने सगळ्याचीच परीक्षा घेतली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले आणि राज्यातल्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षांची तयारी केली. त्याच सुमारास सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले. ज्यांच्या हातात लॉगिन होते त्यांनी हात वर केले, तेव्हा वेळापत्रके कोलमडली. संगणकीकृत विद्यापीठ कुणाच्या खांद्यावर उभे आहे, ते त्या पंधरवड्यात सगळ्यांना दिसले. वर्ग बंद असताना शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपचे गट केले, धडे ध्वनिमुद्रित करून पाठवले. धानोरा, एटापल्लीकडच्या ज्या पोरांपर्यंत तेही पोचत नव्हते, त्यांना फोन लागेपर्यंत फोन केले. मोबाइल स्वतःचा, रिचार्जही पदरचा.

जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेला आलेल्या महापुराने सिरोंचा तालुका पाण्याखाली गेला. गावे हलवावी लागली. जुलै हा प्रवेशाचा महिना आहे. पुढारलेल्या भागासाठी ठरलेली तारीख पुराच्या भागालाही लागू, असे धरून चालणारे कोणतेही पोर्टल इथे अपुरे पडते. तारीख वाढते, पण विनंती पत्र गेल्यावर, फोन झाल्यावर, परिपत्रक निघाल्यावर, तोवर विलंब शुल्काची धास्ती महाविद्यालयाच्या मानेवर असते.

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि प्रत्येक विद्यार्थ्याची विषयांची जुळणी वेगळी झाली. श्रेयांक बँक, जी जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तिचे खाते प्रत्येकाला हवे. ते आधारवर चालते. इथे शिक्षकांचे आठवडे गेले. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, वडील तेंदूपानाच्या हंगामात जंगलात. दुसरे म्हणजे नावे. उसेंडी, तलांडी, आत्राम, मडावी ही आडनावे आधारवर इंग्रजीत एका प्रकारे, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे. यंत्राला दोन वेगळी माणसे दिसतात. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, हा या भूभागाच्या अभिमानाचा विषय आहे. पण गोंडवाना नावाच्या विद्यापीठाच्या परिसरातल्या मुलाचे नाव अजून इंग्रजी अक्षरांच्या फेऱ्यातून जाते आणि ते जुळवण्याचे काम वर्गशिक्षकाकडे येते.

दिल्ली विद्यापीठात तयार झालेली समर्थ प्रणाली आता राज्यातल्या विद्यापीठांतही वापरात येत आहे. रजा, सेवापुस्तक, प्रवेश, परीक्षा असे सगळे एका लॉगिनखाली आणण्याचा तिचा आवाका आहे. तसे झाले तर बाबूंच्या वहीतली पासवर्डची यादी आखूड होईल. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गडचिरोलीत दीक्षांत समारंभाला आल्या, तेव्हा अडपल्लीच्या नव्या परिसराचीही चर्चा झाली. मोठी इमारत आणि सर्व्हर खोली तिथे उभी राहील. अहेरी किंवा आलापल्लीला दोन तंत्रज्ञ, एक उपग्रह जोडणी आणि एक जनरेटर असलेले मदत केंद्र त्याच खर्चात धरले, तर दक्षिणेकडच्या महाविद्यालयांना त्याचा उपयोग पहिल्याच पावसाळ्यात होईल.

आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. दोन्ही जिल्ह्यांत शिकवण्याचा मोठा भार त्यांच्यावर आहे, पण संस्थेचा ईमेल पत्ता त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे असतो. नेमणूक सत्रापुरती, म्हणून खाते काढलेच जात नाही. परिणामी अंतर्गत गुणांच्या याद्या, विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक, आधारच्या छायाप्रती त्यांच्या खासगी जीमेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साठतात आणि सत्र संपल्यावरही तिथेच राहतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यानुसार या माहितीची जबाबदारी संस्थेची आहे. नेमणुकीच्या पत्रासोबत खाते देणे आणि सत्र संपताना माहिती संस्थेकडे वळती करून घेणे, एवढे करायला फायबरही लागत नाही.