पुण्याची वेंकीज, इंग्लंडचा ब्लॅकबर्न आणि कोर्टात अडकलेला पैसा: मोठे फुटबॉल क्लब अडचणीत येतात ते कसे?

बार्सिलोनावर कर्ज झालं, चेल्सी विकला गेला, मँचेस्टर युनायटेडचे चाहते मालकांच्या नावाने ओरडतायत. रील्समध्ये या बातम्या आपण रोज बघतो आणि पुढे सरकवतो. धुळ्यात बसून आपला काय संबंध, असं वाटतं. पण यातली एक गोष्ट थेट पुण्यातून सुरू होते. तिच्यात चिकन आहे, ईडी आहे आणि दिल्ली हायकोर्टसुद्धा आहे.

क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि मालक पुण्याची वेंकीज.

वेंकीजवाले फुटबॉलमध्ये गेले कसे?

वेंकीज हे नाव खान्देशातल्या पोल्ट्रीवाल्याला सांगायची गरज नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. भारतातला पोल्ट्रीचा धंदा उभा करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. त्यांच्यानंतर मुलगी अनुराधा देसाई आणि मुलं व्यंकटेश राव व बालाजी राव यांनी कारभार हाती घेतला.

नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. किंमत २.३ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १६० कोटी रुपये. वर क्लबचं कर्जही त्यांच्याकडे आलं.

ब्लॅकबर्न काही साधासुधा क्लब नाही. स्थापना १८७५ ची. इंग्लंडमध्ये १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १९९४-९५ मध्ये तर त्यांनी प्रीमियर लीग जिंकली. तेव्हा मालक होते जॅक वॉकर, गावातलेच पोलादाचे व्यापारी. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसा ओतून हा संघ उभा केला होता.

गाव मात्र छोटं आहे, लोकसंख्या धुळ्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि हे कापसावर वाढलेलं गिरणगाव. अमळनेरच्या प्रताप मिलचा किंवा धुळ्याच्या गिरणीचा भोंगा ऐकलेल्या पिढीला हे गाव लगेच समजेल. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. म्हणून त्या लोकांसाठी हा निव्वळ शनिवारचा टाइमपास नाही.

मग बिनसलं कुठे?

क्लब घेऊन महिनाही झाला नव्हता, तोच मालकांनी अनुभवी मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा गुणतक्त्यात मध्यावर होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले, ज्यांना मॅनेजरपदाचा अनुभव नव्हता. रोनाल्डिन्होला आणायच्या बातम्या झाल्या. खेळाडू वेंकीजचं चिकन खातायत अशी जाहिरातही आली.

मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानात चक्क जिवंत कोंबडी सोडली. तो फोटो जगभर गेला. २०१७ मध्ये संघ आणखी खाली, तिसऱ्या स्तरावर गेला. २०१८ ला पुन्हा वर आला खरा, पण प्रीमियर लीगमध्ये परत जाणं काही जमलं नाही.

खाली घसरल्यावर पैशाचं काय होतं?

प्रीमियर लीगच्या क्लबांना टीव्ही हक्कांचा प्रचंड पैसा मिळतो. खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, तो आटतो. पहिली काही वर्षं धक्का सोसायला ठरावीक रक्कम मिळते, नंतर तीही बंद होते. पण वर जायचं तर चांगले खेळाडू हवेत आणि चांगले खेळाडू म्हणजे मोठे पगार. एकदा वर गेलं की १० कोटी पौंडांहून जास्तीची कमाई समोर दिसते. त्या आशेवर सगळेच क्लब ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतात. काही हंगामांत तर अख्ख्या चॅम्पियनशिपचा पगाराचा खर्च तिच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता.

म्हणजे शंभर रुपये कमवायचे आणि शंभराहून जास्त नुसत्या पगारावर घालायचे. उरलेला खड्डा भरायचा मालकाने, दरवर्षी.

वेंकीजने तो भरला, हेही सांगायला हवं. पंधरा वर्षांत त्यांनी क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातली आहे. आजच्या दराने दोन हजार कोटी रुपयांच्या वर. मालक वाईट, असं म्हणून विषय संपत नाही तो इथेच.

ईडी आणि कोर्ट मध्ये कुठून आलं?

भारतातून परदेशात पैसा पाठवायचा तर परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा लागतो. वेंकीजने ब्लॅकबर्नसाठी पाठवलेल्या पैशाची चौकशी अंमलबजावणी संचालनालयाने, म्हणजेच ईडीने सुरू केली. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. पैसा पाठवायचा तर कोर्टाची परवानगी घ्या आणि त्या रकमेपोटी बँक गॅरंटी द्या, अशी अट आली.

चौकशी चालू आहे म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. पण क्लबवर परिणाम व्हायचा तो झाला.

करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला हे पटकन कळेल. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड आणि मेहनत आपली. खाद्याची गाडी वेळेवर आली तर बॅच नीट निघते. गाडी कागदपत्रांत अडकली म्हणून कोंबडी उपाशी थांबत नाही. क्लबचंही तसंच. दिल्लीत तारीख पुढे गेली म्हणून ब्लॅकबर्नमधला पगाराचा दिवस पुढे जात नाही.

मग काय करायचं? घरचं सोनं विकायचं. ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, क्लबच्या अकादमीत घडलेला पोरगा. २०२४ च्या सुरुवातीला, वयाच्या १९ व्या वर्षी, तो सुमारे १.८ कोटी पौंडांना क्रिस्टल पॅलेसला गेला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडकडून युरो स्पर्धेच्या संघात होता. २०२५ मध्ये क्लबने महिलांचा संघ दुसऱ्या स्तरावरच्या लीगमधून काढून घेतला. खर्च कमी करायची वेळ आली की कात्री आधी कुठे चालते, हे यातून दिसतं.

ही फक्त ब्लॅकबर्नची कथा आहे का?

अजिबात नाही. क्लब अडचणीत यायचे साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला, मालकाच्या घरची अडचण. चेल्सीचे मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने निर्बंध घातले आणि दोन-तीन महिन्यांत क्लब विकावा लागला. इंटर मिलानच्या चिनी मालकांना कर्ज फेडता आलं नाही, म्हणून मे २०२४ मध्ये क्लब कर्ज देणाऱ्या ओकट्री कंपनीकडे गेला.

दुसरा, खरेदीचं कर्ज क्लबच्याच डोक्यावर. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेतला, तेव्हा त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच टाकला.

तिसरा, ऐपतीबाहेरचा खर्च. बार्सिलोनाला तर मालकच नाही, तो सभासदांचा क्लब आहे. तरी २०२१ मध्ये देणी १०० कोटी युरोंच्या पुढे गेली आणि मेस्सीला सोडावं लागलं. म्हणजे क्लब सभासदांचा असला तरी हिशेब चुकला की चुकलाच.

शेवट कुठे होतो? शेफील्ड वेन्सडे हा जुना क्लब ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि त्याचे १२ गुण कापले गेले. बरी नावाचा क्लब १८९४ पासून लीगमध्ये होता, तो ऑगस्ट २०१९ मध्ये थेट बाहेर काढला गेला.

आपल्याकडे काय?

२०१९ मध्ये एफसी पुणे सिटी पैशाअभावी बंद पडला. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मुंबईने पुढे दोनदा आयएसएलचा करंडक जिंकला. पण २०२५ मध्ये आयएसएलचंच भवितव्य लटकलं आणि डिसेंबरमध्ये हा ग्रुप मुंबईतून बाहेर पडला. पुण्याचा मालक इंग्लंडमध्ये अडकलाय आणि इंग्लंडचा मालक मुंबई सोडून गेला.

यावर उपाय आहे का?

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचा बहुमताचा हिस्सा सभासदांकडे ठेवावा लागतो. त्यामुळे एकटा धनाढ्य येऊन क्लब ताब्यात घेऊ शकत नाही. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला. पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना आता परवाना लागेल, मालकाचा पैसा कुठून येतो हे तपासलं जाईल.

ब्लॅकबर्नच्या चाहत्यांपुढचा पेच मात्र कायद्याने लगेच सुटणारा नाही. मालकांनी जावं म्हणून ते वर्षानुवर्षं आंदोलन करतायत. पण दरवर्षी होणारा कोट्यवधी पौंडांचा तोटा अंगावर घेणारा नवा गिऱ्हाईक आधी मिळायला हवा. तो मिळत नाही तोवर ब्लॅकबर्नमधले पगार, अकादमीतली पोरं आणि १८७५ पासूनचा इतिहास पुण्याहून येणाऱ्या पैशावरच चालणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखादा अब्जाधीश क्लब घेतोय अशी बातमी आली, तर तो कोणता स्टार आणणार हे नंतर बघा. त्याचा पैसा कुठून येतो आणि तो थांबला तर पगार कोण देणार, हे आधी विचारा.